६५० जणांवरचा राग एकाच्या टेबलावर कसा न्यावा

मार्च २०१९. मी इंग्लंडमधल्या एका लहान गावातल्या फार्मसीत डिस्पेन्सर आहे. प्रिस्क्रिप्शन आलं की फडताळातून डबे काढायचे, लेबलं चिकटवायची आणि टोपली फार्मासिस्टसमोर तपासायला ठेवायची, हे माझं काम. त्या दुपारी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी थांबलेल्या आजोबांनी पेपरची घडी करता करता खासदारांबद्दल जे म्हटलं, त्याला मराठीत एकच तोड आहे: सगळे एका माळेचे मणी. मागे बाबागाडी घेऊन उभ्या असलेल्या बाईनेही जोरात मान डोलावली. मला हसू आवरेना. आजोबांनी २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायला मत दिलं होतं, बाईने आत राहायला. काउंटरवर माणसं काय काय सांगून जातात, तुम्हाला कल्पना नाही.

आजोबांचं म्हणणं असं: सरकारने घरोघरी टाकलेल्या पत्रकात छापलं होतं की तुम्ही ठरवाल ते आम्ही अमलात आणू. पावणेतीन वर्षं होत आली, आपण अजून आतच. बाईचं म्हणणं असं: बाहेर पडायच्या प्रचाराच्या लाल बसवर ‘युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पाउंड’ असं रंगवून लोकांना बनवलं, आणि आता कोणी त्याची जबाबदारी घ्यायला तयार नाही. दोघांची दिशा उलटी, राग मात्र त्याच ६५० खासदारांवर. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के असा कौल लागला. फरक सुमारे १२ लाख ७० हजार मतांचा. मग १५ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला. त्या ४३२ मध्ये आजोबांच्या बाजूचेही होते आणि बाईच्या बाजूचेही. एकांना करार फारच मिळमिळीत, दुसऱ्यांना फारच तोडून टाकणारा. असा पेच पडल्यावर माणूस ‘सगळेच तसले’ म्हणून मोकळा होतो.

मीही तेच म्हणत होते. पण ६५० जणांवरचा राग कुठेही पोचत नाही. या देशात तुमचं ऐकून घेणं ज्याचं काम आहे असा खासदार एकच असतो, तुमच्या मतदारसंघाचा. राग त्याच्या टेबलापर्यंत न्यायची ही माझी रीत. बऱ्याच चुका करून शिकले आहे.

आधी यादीत नाव

आपल्याकडच्या अनेकांना अजून वाटतं की ब्रिटिश पासपोर्ट हातात येईपर्यंत इथल्या राजकारणात आपला संबंध नाही. चूक. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि इथे राहण्याची परवानगी असलेला राष्ट्रकुलातला नागरिक संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. २०१६ च्या सार्वमतातही देऊ शकत होता. मला तेव्हा इथे येऊन चार वर्षं झाली होती, खिशात भारतीय पासपोर्ट, आणि मी मत दिलं. माझ्या शेजारी काम करणारी पोलिश बाई अकरा वर्षं इथे कर भरत होती, तिला मत नव्हतं. तिचं सगळं भवितव्य त्या मतपत्रिकेवर आणि शिक्का मारायला मी! (शिक्का म्हणायची सवय आपली, इथे पेन्सिलीने फुली मारतात. तेव्हा एक अफवाही उठली होती की गुप्तहेर खातं पेन्सिलीच्या फुल्या खोडून टाकणार, म्हणून लोक घरून पेन घेऊन गेले. पेन चालतं, पेन्सिलही चालते.)

नोंदणी ऑनलाइन पाच मिनिटांत होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवसांआधी ती झाली पाहिजे. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका: ७ जून २०१६ ला मुदत संपायच्या काही तास आधी नोंदणीची वेबसाइट कोलमडली होती आणि मुदत दोन दिवसांनी वाढवावी लागली. दर वेळी वाढवतीलच असं नाही. २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो.

पत्र

इथे थोडं थांबते, कारण सगळी गंमत इथेच आहे.

जानेवारी २०१९ मध्ये मी पहिलं पत्र लिहिलं. तीन पानं. त्यात विश्वासघात होता, बस होती, पोलिश मैत्रीण होती, व्हिसा होते, शाळेत माझ्या मुलाला कोणीतरी ‘आता तुम्ही कधी जाणार’ असं विचारलं ते होतं. लिहून झाल्यावर फार बरं वाटलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: दोन्ही बाजूंच्या भावना तीव्र आहेत याची मला जाणीव आहे, देशहिताचा विचार करून मी मत देत राहीन, वगैरे. समोरच्या घरातल्या शिक्षिकेनेही पत्र पाठवलं होतं, माझ्या नेमकं उलट्या मताचं. तिलाही शब्दन् शब्द हेच उत्तर आलं होतं. आम्ही दोघी तिच्या ओट्यावर दोन्ही कागद शेजारी धरून खो खो हसलो.

माझे वडील म्हणायचे, तलाठ्याकडे जाताना एकच काम न्यावं; दोन नेली की दोन्ही राहतात. हे मला आठवायला ऑगस्ट उजाडला.

त्या वर्षी रजोनिवृत्तीच्या त्रासावर लावायचे संप्रेरकांचे पॅच बाजारातून गायब झाले होते. बायका तीन-तीन चकरा मारत होत्या. डॉक्टरकडून दुसऱ्या औषधाची चिठ्ठी आणायची, ते औषधही नसायचं, परत डॉक्टर. काउंटरवर सगळे म्हणायचे, ब्रेक्झिट, दुसरं काय! आधीच वर्षभर बातम्या होत्या की करार न होता बाहेर पडलो तर तुटवडा नको म्हणून सरकारने औषध कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करायला सांगितलं आहे. त्यामुळे लोकांना तसं वाटणं साहजिक. पण या पॅचच्या तुटवड्यामागे उत्पादनातल्या अडचणी होत्या, हे आम्हाला घाऊक पुरवठादारांकडून कळत होतं. म्हणून दुसऱ्या पत्रात मी ब्रेक्झिट हा शब्द एकदाही घातला नाही. अर्धं पान. साधारण असं:

‘मी आपल्या मतदारसंघात राहते, पत्ता आणि पोस्टकोड वर दिला आहे. मी फार्मसीत काम करते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक पॅचसाठी आलेल्या नऊ जणींना आम्ही रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्यांतल्या तिघींना पर्यायी औषधाची चिठ्ठी आणूनही ते मिळालं नाही. कोणतं औषध कधीपर्यंत मिळणार नाही हे आम्हाला पुरवठादाराला फोन केल्यावरच कळतं. ही माहिती डॉक्टर आणि फार्मसी दोघांना एकाच वेळी कशी मिळेल, हे आपण आरोग्यमंत्र्यांना विचाराल का? त्यांचं उत्तर मला कळवावं ही विनंती.’

तीन आठवड्यांत खासदाराच्या केसवर्करचा (मतदारांची कामं बघणाऱ्या मदतनिसाचा) फोन आला: औषधाचं नाव नेमकं कसं लिहायचं? पुढे आरोग्य खात्याच्या मंत्र्याच्या सहीचं दोन पानी पत्र, त्यावर खासदाराची चिठ्ठी. पॅच त्या पत्रामुळे आले असं मी अजिबात म्हणणार नाही. ते यायचे तेव्हा आले. पण मंत्र्याच्या कार्यालयात कोणालातरी आमच्या नऊ बायकांबद्दल उत्तर लिहावं लागलं. आधीच्या तीन पानांनी खासदाराच्या टेबलावरचा टाचणीचा डबासुद्धा हलला नव्हता.

तेव्हा पत्रात एवढं बघा. पत्ता आणि पोस्टकोड सगळ्यात वर, कारण खासदार फक्त स्वतःच्या मतदारांचं काम घेतो, दुसऱ्याच्या मतदाराला हात लावत नाही, असा संसदेचा पाळला जाणारा संकेत आहे. एकच विषय. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, आकड्यासह. आणि शेवटी असा प्रश्न की त्याचं उत्तर ‘भावना समजल्या’ असं देताच येऊ नये: मंत्र्यांना विचाराल का, अमुक प्रस्तावाला मत द्याल का. पत्ता सोपा आहे, हाउस ऑफ कॉमन्स, लंडन, एसडब्ल्यू१ए ०एए. कोण आपला खासदार हेच माहीत नसेल तर ‘राइट टू देम’ नावाची वेबसाइट पोस्टकोड घातल्यावर सांगते आणि तिथूनच पत्रही पाठवता येतं. मात्र कोणत्यातरी संघटनेचा तयार मजकूर तिथे चिकटवला तर ती साइट पाठवत नाही. बरोबरच आहे. एकाच मजकुराची चारशे पत्रं आली की कार्यालयही चारशे उत्तरं छापतं.

एक राहिलं. कचरा, रस्त्यातले खड्डे, पार्किंग ही कामं कौन्सिलची. ती खासदाराकडे नेलीत तर तो शांतपणे कौन्सिलकडे ढकलेल आणि तुमचा महिना जाईल.

त्याने मत कसं दिलं ते आधी बघा

‘तुम्ही लोकांनी काहीच ठरवलं नाही’ हे वाक्य पत्रात लिहू नका, कारण तो म्हणणार, मी तर ठरवलं होतं. २७ मार्च २०१९ ला संसदेने पुढच्या वाटेचे आठ पर्याय मतदानाला टाकले आणि आठही पडले. १ एप्रिलला पुन्हा चार; त्यात कस्टम्स युनियनचा, म्हणजे युरोपीय संघाशी सामाईक जकातीचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडला. कोणी कशाला हो म्हटलं, कशाला नाही, हे सगळं हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, नावानिशी छापलेलं असतं. ‘दे वर्क फॉर यू’ या वेबसाइटवर ते शोधायला सोपं. मी त्या रात्री आमच्या खासदाराचं नाव शोधलं. त्याने अशा एका प्रस्तावाला हो म्हटलं होतं, जो मला मान्य होता. तीन महिने मी ज्याला शिव्या घालत होते तो माझ्याच बाजूने मत देऊन बसला होता! पुढच्या पत्राची पहिली ओळ मला आभाराची लिहावी लागली. जड गेलं, पण लिहिली.

सर्जरी

डॉक्टरचा दवाखाना म्हणजेही इथे सर्जरी, आणि खासदार मतदारांना भेटतो तीही सर्जरी. मी शुक्रवारी खासदाराच्या सर्जरीला जाणार म्हटल्यावर भारतातून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, तो ऑपरेशनही करतो का गं? काही बाबतीत केलं तर बरं होईल, म्हटलं.

खासदार बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी मतदारसंघात असतात. कार्यालयात फोन करून वेळ घ्यायची. दहा-पंधरा मिनिटं मिळतात. बऱ्याच ठिकाणी जागा आधी जाहीर करत नाहीत, वेळ ठरल्यावर कळवतात. दारात ओळखपत्र विचारतात, पिशवी बघतात. याचा राग मानू नका. सार्वमताच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ ला, जो कॉक्स या खासदार आपल्या सर्जरीसाठी आल्या असताना यॉर्कशरमध्ये बर्स्टल इथे भर रस्त्यात मारल्या गेल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये डेव्हिड एमेस सर्जरी चालू असतानाच मारले गेले. समोरचा माणूस हे डोक्यात घेऊन त्या खुर्चीत बसलेला असतो. आवाज चढवायचा नाही, मोबाइल समोर धरून चित्रण करायचं नाही.

माझे दीर, आमचे भाऊजी, बाहेर पडायच्या बाजूचे. युरोपातून येणारे कमी झाले की आपल्याकडच्या लोकांना व्हिसा सुटतील, हॉटेलांना आचारी आणता येतील, असा प्रचार तेव्हा देशी वस्तीत जोरात होता, आणि त्यांना तो पटला होता. पुढे २०२२ मध्ये तेही सर्जरीला गेले. यादीत पाच विषय. दहा मिनिटांत दोन झाले, तिसऱ्यावर आवाज चढला, चौथा सांगत असताना मदतनीस बाईने घड्याळाकडे पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, “वहिनी, माणूस गोड बोलतो, काम काही करत नाही.” मी विचारलं, काम कोणतं सांगितलंत? ते आठवायला लागले.

एक कागद घेऊन जा, त्यावर तारखा आणि संदर्भ क्रमांक लिहा, आणि तो तिथेच ठेवून या. तोंडी सांगितलेलं शुक्रवारी संपतं, कागद सोमवारी केसवर्करच्या हातात असतो.

थेट संसदेतही जाता येतं. सेंट्रल लॉबीत जाऊन हिरवं कार्ड भरायचं, खासदार आवारात असेल तर त्याला शोधतात. मी एकदा गेले होते, तासभर फरशीवरची नक्षी पाहत बसले, साहेब भेटले नाहीत. कार्ड त्यांच्यापर्यंत पोचतं, एवढं खरं. हौस म्हणून जा.

ज्यावर फार भिस्त ठेवू नये

याचिका. संसदेच्या साइटवर दहा हजार सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं, एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. विचार, हं. मार्च २०१९ मध्ये ‘कलम ५० रद्द करा’ (म्हणजे बाहेर पडायची प्रक्रियाच थांबवा) या याचिकेवर ६१ लाखांवर सह्या पडल्या, माझीही होती. १ एप्रिलला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली, आणि झालं. २०१६ मध्ये दुसऱ्या सार्वमताच्या मागणीला ४१ लाखांवर सह्या मिळाल्या; ती याचिका निकालाआधी सुरू केली होती बाहेर पडायच्या बाजूच्या माणसाने, आपण हरणार या भीतीने! हरले दुसरेच, आणि त्याच्या याचिकेवर त्यांच्याच सह्या पडल्या. ज्या विषयाकडे कोणाचंच लक्ष नाही, तिथे याचिका उपयोगी. जो विषय रोज पहिल्या पानावर आहे, तिथे सही करून झोपायला जावं आणि उद्या पत्र लिहावं.

दुसरं म्हणजे खासदाराला परत बोलावणं. २०१५ च्या कायद्याने ही सोय झाली खरी, पण वचन मोडलं किंवा पक्ष बदलला म्हणून ती वापरता येत नाही. तुरुंगवासाची शिक्षा, ठरावीक दिवसांचं निलंबन, खर्चाच्या हिशोबात गुन्हा, यांपैकी काही घडलं तरच मतदारसंघात सह्यांसाठी सहा आठवडे मिळतात आणि दहा टक्के मतदारांच्या सह्या लागतात. २०१९ मध्ये पीटरबरोत पहिल्यांदा पुरेशा सह्या होऊन खासदाराची जागा गेली. त्याच वर्षी डझनभर खासदारांनी पक्ष सोडले. त्यांच्या मतदारांना निवडणुकीपर्यंत हात चोळत बसण्याखेरीज काही करता आलं नाही.

आणि वेळ बघा. संसद विसर्जित झाली की कोणीच खासदार नसतो, सगळ्या जागा रिकाम्या. त्या काळात लिहिलेलं पत्र कुठे पडून राहील सांगता येत नाही.

ही गोष्ट मी भाऊजींना सांगायला विसरले. २०२४ च्या मे महिन्यात त्यांनी मला तपासायला पत्र पाठवलं, अडीच पानी. कुटुंबाला आणण्याच्या व्हिसासाठी लागणारी पगाराची अट एप्रिलमध्ये १८,६०० पाउंडांवरून २९,००० वर नेली होती, आणि त्यांच्या दुकानातल्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मुद्दा पक्का होता. मी दोन पानं उडवली.

“वहिनी, मग बसचं, ब्रेक्झिटचं, आम्हाला फसवलं त्याचं कुठे लिहू?”

“ते दुसऱ्या पत्रात.”

“आणि दुसरं पत्र कधी?”

“पहिल्याचं उत्तर आलं की.”

कुरकुरत त्यांनी अर्ध्या पानाचं केलं, लिफाफ्यावर तिकीट लावलं. २२ मेला पंतप्रधान ऋषी सुनक यांनी भर पावसात उभं राहून निवडणूक जाहीर केली, ३० मेला संसद विसर्जित. भाऊजींचा फोन आला: “बघा, माझं पत्र येतंय कळल्यावर पळाले.” लिफाफा टीव्हीखालच्या खणात ठेवायला सांगितला. ४ जुलैला मतदान झालं, आमचा खासदार बदलला. पुढच्या सोमवारी त्यांनी तेच पत्र काढलं, वरचं नाव खोडून नवं घातलं आणि मला विचारलं, खाडाखोड चालेल का. म्हटलं, नाही, परत लिहा, अर्धंच तर पान आहे.